गोदूचा खुंटा आणि ओदेतबाई

ग्रंथपाल म्हणजे पंख्याखाली बसून दिवसभर वाचणारी बाई, असा समज बराच पसरलेला आहे. नोकरीच्या वेळेत मला पुस्तक वाचताना पाहिलेल्या माणसाने पुढे यावं. मी त्याला आजीव सभासद करून घेते. इस्लामपुरातल्या आमच्या वाचनालयात माझा दिवस जातो तो पुस्तकं दाखल करण्यात, त्यांना क्रमांक घालण्यात, परत आलेली तपासण्यात, खिळखिळी झालेली बांधणीला पाठवण्यात आणि सभासदांची भांडणं सोडवण्यात. परत आलेल्या पुस्तकांतून मी आजवर लाइट बिलं, मोरपिसं, लग्नपत्रिका, साखर कारखान्याच्या वजनाच्या पावत्या आणि एकदा चपटी होऊन वाळलेली अख्खी शेवग्याची शेंग काढली आहे. शेंग कशासाठी ठेवली होती, हे त्या सभासदाने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सर्वांत नावडतं काम म्हणजे निर्लेखन. कपाटं तेवढीच राहतात आणि पुस्तकं येतच राहतात. म्हणून कित्येक वर्षांत कुणी नेलेलीच नाहीत अशी पुस्तकं बाजूला काढायची, समितीपुढे ठेवायची आणि मंजुरी मिळाली की दप्तरातून कमी करायची. एका लेखकाचं नाव आपल्या गावातून संपवायला एवढं पुरतं. मी हे काम नीट करते, पण त्या दिवशी कुणाशी फार बोलत नाही.

सभासदांच्या तऱ्हा सांगायच्या तर आमचे सुभेदार आप्पा. सैन्यातून निवृत्त, फक्त लढायांची पुस्तकं वाचणार, आणि त्यातल्या नकाशांवर पेन्सिलीने दुरुस्त्या करून पुस्तक परत देणार. “आप्पा, पुस्तकात लिहू नका,” म्हटलं की म्हणायचे, “मॅडम, चुकीच्या डोंगरावर पलटण चढवलीय त्यानं. मी गप बसू व्हय?” त्यांच्यासाठी खोडरबर माझ्या टेबलावर कायम असतं.

आणि बायकांची एक पद्धत. घरी मागवलेलं पुस्तक आपण आधी वाचलं होतं की नाही, हे लक्षात राहावं म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. कुणी ठरावीक पानाच्या आकड्याखाली टिंब देते, कुणी कोपरा दुमडते, आणि बऱ्याच जणी मागच्या पुठ्ठ्याच्या आत टिकली चिकटवतात. पुस्तक हाती आलं की आधी मागे बघायचं, आपली टिकली दिसली तर परत पाठवायचं. मी सुरुवातीला टिकल्या काढत असे. नंतर सोडून दिलं. कुठलं पुस्तक चालतं, हे कळायला टिकल्यांइतकं सोपं साधन नाही.

आमच्याकडे सर्वांत जास्त टिकल्या होत्या ‘पल्याडचा घाट’ या कादंबरीत. पुठ्ठ्यावर जागा संपून त्या आतल्या कोऱ्या पानांवर सरकल्या होत्या. लेखिका वत्सला आगटे, वाईच्या. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी हे एकच पुस्तक लिहिलं. कुठल्या वाङ्मयेतिहासात त्यांचं नाव नाही, परिसंवादात नाही, आणि आमच्याकडे मात्र तीन प्रती झिजून चौथी घ्यावी लागलेली.

गोष्ट अशी. नदीकाठच्या गावातली गोदू. नवरा नाव चालवणारा, एका पुरात बुडतो. दीर म्हणतो, नाव माझी, आणि तूही माझ्याच घरात राहा. गोदू नाव सोडत नाही. घाटावरच्या दगडी खुंट्याला दोर बांधून ती नावेतच बसून राहते, आणि मग स्वतः माणसं उतरवायला लागते. दीर, पंच, दोन्ही काठांचे लोक, सगळे तिच्यावर जोर करून पाहतात. प्रेमाचं प्रकरण नाही. वल्ह्याने हाताला पडलेले घट्टे, दोराला लावायचं तेल, पाण्याचा रंग बदलला की काय समजायचं, अशाच गोष्टींनी पुस्तक भरलेलं. कंटाळवाणं वाटेल असं वर्णन मी केलं असेल, तर तो दोष माझा. आमच्या बायका ते संपेपर्यंत भाकऱ्या करपवत.

या वाचकांत पहिल्या नंबरवर शेवंताकाकू. पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावाच्या. तरुणपणी नवरा गेला, दिरांनी उसाच्या जमिनीवर हक्क सांगितला, काकूंनी जमीन सोडली नाही, आणि लोक काहीही म्हणोत, कपाळाची टिकलीही सोडली नाही. आजही त्या स्वतः पाण्याची पाळी धरतात. बाजाराच्या दिवशी इस्लामपूरला येतात तेव्हा भाजीच्या आधी वाचनालय. एका महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर त्या पुस्तक परत करायला आल्या, ते कोरडं ठणठणीत होतं. “दाण्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकलं हुतं,” म्हणाल्या. “दाणं भिजलं तरी चालंल म्हनलं. गोदू न्हाई भिजाय पायजे.” ते पुस्तक त्यांनी कितव्यांदा नेलं होतं, कोण जाणे.

काकूंच्या मते गोदू खरी होती. नुसती खरी नव्हे, त्यांच्या सासूबाईंची मावशी होती. गावाच्या घाटावर एक दगडी खुंटा आहे, त्याला सगळे ‘गोदूचा खुंटा’ म्हणतात. नदीकाठच्या आणखी दोन गावांचाही असाच दावा आहे आणि त्यांच्याकडेही आपापला खुंटा आहे. पण काकू त्यांना मोजत नाहीत.

तर अशा परिस्थितीत नव्या खरेदीत ‘नावाडीण’ नावाची कादंबरी आली. ओदेत मारव्हाल या फ्रेंच लेखिकेची, पुण्याच्या एका प्राध्यापिकेने थेट फ्रेंचमधून मराठीत आणलेली. मलपृष्ठावर लिहिलं होतं, ही लेखिका तिच्या हयातीतच विस्मृतीत गेली, अलीकडे तिच्याच देशातल्या समीक्षकांनी तिला पुन्हा शोधून काढलं. मी नियमाप्रमाणे दाखल केली, क्रमांक घातला, नव्या पुस्तकांच्या मांडणीत ठेवली. काकूंनी नाव बघूनच उचलली.

पुढच्या बाजाराला त्या आल्या त्या पुस्तक टेबलावर आपटतच.

“मॅडम, ही बया कोन?”

“फ्रान्सच्या आहेत. वारल्या.”

“वारल्या म्हंजे काय सुटल्या? आमची गोदू चोरलीय हिनं! नाव तीच, पूर त्योच, दीर त्योच मुडदा. गोदूचं नाव बदलून तेवडं ज्यान केलंय. ज्यान म्हनं! आन शेवटाला तिला नाव सोडाय लावलीय. कुनाला इचारून?”

मी दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी ठेवली. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर मूळ आवृत्ती कधी निघाली हे छापलेलं असतं. ते बघायला मला वेळ लागला नाही. फ्रेंच कादंबरी कितीतरी आधीची होती.

“काकू,” मी म्हटलं, “चोरी झाली असेल तर उलट्या बाजूने झालीय.”

काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच दिराच्या बाजूने साक्ष दिली.

काकूंचा आवाज वाचनकक्षापर्यंत जातो. तिथे बसलेल्या एका हौशी लेखकाने तो ऐकला आणि सांगलीच्या एका दैनिकात रविवारी लेख आला. ‘आपली गोदू निघाली फ्रेंच!’ असा मथळा. आत ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द, आणि आगटेबाईंचं पूर्ण नाव.

मी दोन फोन केले. पहिला पुण्याच्या प्राध्यापिकेला. त्या चिडतील असं वाटलं होतं, पण त्या आनंदाने ओरडल्याच. “म्हणजे तिकडे बायका ते वाचतायत? इतकी वर्षं?” मग त्यांनी मला ओदेतबाईंची हकीकत सांगितली. त्या काळातल्या मोठ्या टीकाकारांनी तिला ‘खेड्यातल्या बायकांच्या गोष्टी लिहिणारी’ म्हणून बाजूला सारलं. तिच्या कादंबऱ्यांत कल्पनेची भरारी नाही, नुसती कामंच कामं आहेत, असा आक्षेप. पुस्तकं पुन्हा छापली गेली नाहीत, शेवटी ती शिवणकाम करून राहिली. आता नव्या समीक्षकांना ती कामंच महत्त्वाची वाटतात. बाईच्या श्रमाला कादंबरीचा विषय करणारी पहिल्या काहींपैकी एक, असं तिच्याबद्दल लिहिलं जातं, अभ्यासक्रमात तिची पुस्तकं लागली आहेत.

हे ऐकताना मला टिकल्या आठवल्या. समीक्षकांचं काम वेगळं आणि टिकलीवाल्यांचं वेगळं. टिकलीने पुस्तक चालतं. ते का चालतं हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं, नाहीतर माझ्यासारखी एखादी निर्लेखनाच्या दिवशी त्याला बाहेर काढते.

दुसरा फोन वाईला. तो कुणी उचलला नाही. त्याऐवजी दोन दिवसांनी आगटेबाई स्वतःच दारात उभ्या. ऐंशी ओलांडलेली बाई, वाईहून साताऱ्याला, तिथून कराडवरून पेठनाक्याला एसटीने, आणि नाक्यावरून इस्लामपूरला वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून आलेली. पाणी प्यायल्या, रुमालाने चष्मा पुसला आणि म्हणाल्या,

“माझं पुस्तक काढून टाका. सगळ्या प्रती. वाईच्या वाचनालयाला सांगून आले, साताऱ्यालाही सांगितलं. तुमच्याकडे जास्त चालतं म्हणून स्वतः आले.”

“बाई, आधी मला समजू तर द्या.”

त्यांनी वर्गात सांगावं तसं सरळ सांगितलं. पाचगणीच्या एका शाळेची रद्दी वाईच्या बाजारात आली होती. त्यात त्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर, पहिली पानं नसलेलं. शाळेच्या सुट्टीत त्यांनी मराठीत लिहून काढलं. त्यांच्या तरुणपणी रूपांतराची रीत होती. परदेशी गोष्ट घ्यायची, तिला इथलं लुगडं नेसवायचं, नदीची कृष्णा करायची, रविवारच्या प्रार्थनेचा सोमवारचा उपास करायचा. यात कुणाला वावगं वाटत नसे, मात्र मूळ लेखकाचं नाव द्यायचं. बाईंनी पुष्कळ पत्रव्यवहार करून ते नाव शोधलं आणि प्रस्तावनेच्या शेवटी दिलं. दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकाने कागद वाचवायला प्रस्तावनाच गाळली.

“तुम्ही बोलला नाहीत?”

“बोलणार होते. तेवढ्यात पत्रं यायला लागली. ‘तुमची गोदू वाचली.’ ‘तुम्ही आमच्या गावच्या का?’ पहिल्यांदा सगळ्यांना कळवत होते, हे माझं नाही. मग एकदा नाही कळवलं. मग नाहीच कळवलं.” बाईंनी रुमालाची घडी घातली. “बरं वाटायचं हो. शाळेत मी नुसती व्याकरणवाली बाई होते.”

मी नियम सांगितला. पुस्तक काढायला समितीची मंजुरी लागते, आणि निर्लेखन होतं ते न चालणाऱ्या पुस्तकांचं. चालणारं पुस्तक काढण्यासाठी आमच्याकडे रकानाच नाही.

“मग रकाना करा,” बाई म्हणाल्या. “ती बिचारी तिकडे शिवणकाम करत मेली आणि मी इकडे तिच्या गोदूवर मिरवले. माझं नाव जितके दिवस त्या पुठ्ठ्यावर आहे तितके दिवस हे चालूच राहणार. लिहून द्यायचं तर देते.”

हे सगळं पोटतिडकीने आणि अगदी शांतपणे. अशा माणसाशी वाद घालता येत नाही. मला ते पुस्तक काढायचं नव्हतं. पण लेखिकाच समोर बसून मागणी करते म्हटल्यावर समितीने मान डोलावली असती, कारण पेपरात नाव आलं की समितीला घाम फुटतो. मला थोडा वेळ हवा होता. तो दिवस बाजाराचा होता.

शेवंताकाकू आल्या, पिशवी खाली ठेवली आणि मी ओळख करून दिली.

काकूंनी बाईंना खालून वरपर्यंत पाहिलं. “आगटेबाई? गोदूच्या?” आणि त्या पटकन वाकून पाया पडल्या. बाई मागे सरकल्या.

“अहो, नका. तुम्हाला कळलंय ना सगळं?”

“कळलंय. मॅडमनी सांगितलंय. मला काय पटलं न्हाई.” काकू बसल्या. “आमच्या घाटाव खुंटा हाय. तुमी बगितला न्हवं?”

“कुठला खुंटा?”

“गोदूचा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तक लिहिल्यानंतर इतक्या वर्षांत त्या या भागात कधी आल्याच नव्हत्या. त्यांनी घाट लिहिला तो वाईचा डोळ्यांपुढे ठेवून. वाईत नाव चालत नाही, म्हणून कृष्णेच्या खालच्या अंगाला कुठेतरी, असं मोघम ठेवलं होतं. ते मोघम तीन गावांनी वाटून घेतलं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

आम्ही रिक्षा केली आणि गेलो. मी कामाच्या दिवशी टेबल सोडून अशी बाहेर पडत नाही, पण त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सुभेदार आप्पांना सांगितलं, “मी येईपर्यंत लक्ष ठेवा, आणि पेन्सिल खिशातून काढू नका.”

घाट म्हणजे फार काही नाही. पंधरा-वीस झिजलेल्या पायऱ्या, वर एक पिंपळ, पाण्याजवळ कंबरेएवढा दगडी खुंटा, मधोमध दोराने पडलेली खाच. आता पूल झालाय, नाव कधीच बंद झाली. खुंट्यावर हळदीकुंकू होतं.

“हे कोण लावतं?” बाईंनी विचारलं.

“आमी. नवी सून आली की इथं आनतो. सांगतो तिला, हितं गोदू बसली हुती दोर बांदून. उटली न्हाई.” काकू खुंट्यावर हात ठेवून म्हणाल्या, “आमचं मालक गेलं तवा दीर कागद घिऊन आलं, अंगठा दे म्हनं. मी तुमचं पुस्तक वाचत हुते तवा. अर्ध्यात हुते. म्हनलं, आदी गोदूचं काय हुतंय ते बगू दे, मग देते अंगठा.” त्या हसल्या. “मग कशाचा अंगठा!”

बाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “शेवंताबाई, मी तुम्हाला खरं सांगते. इथे कुणी गोदू नव्हती. खुंटा कुणाच्यातरी नावेचा असेल. गोष्ट फ्रान्सची आहे. आणि मूळ गोष्टीत ती शेवटी नाव दिराला देते आणि शहरात धुणी धुवायला जाते. पुढे तिचं काय झालं ते लेखिका सांगत नाही. शेवट मी बदलला. माझ्याच्याने तिला जाऊ देववलं नाही.”

काकूंनी खुंट्यावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, संपलं. सासूची मावशीही गेली आणि गोदूही.

“म्हंजे मी वाचत हुते तवा,” काकू सावकाश म्हणाल्या, “तुमी शेवट बदलला नसता, तर मी अंगठा दिला असता.”

“तसं नाही हो. तुम्ही तुमच्या हिमतीने…”

“आवं, मी हुते तिथं. तुमी न्हवता.”

 मग काकूंनी विचारलं, “आन ती लिवनारी? तिचं काय हाय का तिकडं? दगूड, खुंटा, कायतरी?”

“नाही. पुरलं कुठे तेसुद्धा नक्की माहीत नाही म्हणतात.”

काकूंनी कनवटीची कुंकवाची डबी काढली. खुंट्यावर एक बोट लावलं, नेहमीच्या जागी. मग शेजारी दुसरं लावलं. “नाव काय म्हनलासा?”

“ओदेत.”

“ओदेतबाई,” काकू म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा, जीभ वळते का ते बघत, “ओदेतबाई.”

परतताना बाईंना एसटीला सोडायला निघालो, तेव्हा रिक्षात त्या माझ्या शेजारी होत्या. पेठनाका जवळ आल्यावर म्हणाल्या, “काढू नका. पण माझ्या नावाच्या वर तिचं नाव घाला. प्रत्येक प्रतीवर. आणि पुस्तक माझ्या अक्षराखाली ठेवू नका, तिच्या ठेवा.” मी हो म्हटलं. वाई आणि साताऱ्यालाही तसंच कळवते म्हणाल्या. पेपरला त्यांनी चार ओळींचा खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर, दूधदराच्या बातमीखाली छापून आला. चोरीच्या मथळ्याइतका मोठा तो नव्हता, आणि याची खंत मला बाईंपेक्षा जास्त आहे.

दोन्ही पुस्तकं आता अनुवादाच्या कपाटात शेजारी असतात. पुण्याच्या प्राध्यापिकेने नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ‘मराठीत प्रथमच’ हे शब्द काढून आगटेबाईंवर एक परिच्छेद घातला. त्यात खुंट्याचा उल्लेख आहे, फक्त एकाच गावाचा. उरलेल्या दोन गावांचे तक्रार अर्ज माझ्याकडे आले आहेत.

काकूंनी मध्यंतरी ‘नावाडीण’ पुन्हा नेलं, या वेळी शेवटपर्यंत न चिडता वाचलं. बाजाराच्या दिवशी टेबलावर ठेवलं. हळू ठेवलं.

“काय वाटलं?” मी विचारलं.

“खरं आसंल तसं. माझी जाऊ तशीच गेली, म्हमईला. पुडं काय झालं कुनालाच ठावं न्हाई.” त्यांनी मागचा पुठ्ठा उघडला, कपाळाची टिकली काढली आणि आत चिकटवली. त्या नव्या पुस्तकातली ती पहिलीच. मग म्हणाल्या, “ओदेतबाईंचं दुसरं काय हाय?”

“मराठीत नाही अजून.”

“मग सांगा की त्या पुन्याच्या मॅडमला. हात उचल म्हनावं.” पिशवी खांद्याला लावून त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “आन शेवट हाय तसाच ठेवा म्हनावं. बगून घिऊ आमी.”